जुन्या छायाचित्रावरून अरबी घोड्याचा वंश कसा ठरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका जुन्या सरदार घराण्याच्या संग्रहातील घोड्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले असून त्याखाली ‘अस्सल अरबी, सक्लावी वंशाचा दुर्मीळ काळा घोडा, सुमारे १८९०’ अशी ओळ छापलेली आहे. (सक्लावी हे अरबी घोड्यांच्या एका घराण्याचे नाव.) सोबतच्या लेखात या विधानाला तीन आधार दिले आहेत. घोडा छायाचित्रात काळा दिसतो. कपाळाचा उंचवटा, निमुळते नाकाड आणि उंच धरलेली शेपटी ही सक्लावी घोड्याची लक्षणे आहेत. आणि घरातल्या खरेदीच्या टिपणात ‘कपाळी टिळा, मागला डावा पाय पांढरा’ अशी खूण नोंदलेली असून ती चित्राशी जुळते. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि असा ठेवा जपून ठेवल्याबद्दल त्या घराण्याचे आभारच मानले पाहिजेत. मात्र घोड्यांच्या जुन्या नोंदी आणि छायाचित्रे ताडून पाहण्याचा मला बऱ्याच वर्षांचा नाद असल्यामुळे हे तिन्ही आधार मला लटके वाटले, आणि याच प्रकारच्या ओळी इतरत्रही वारंवार छापल्या जात असल्याने सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या छायाचित्रावरून ‘हा तो घोडा नव्हे’ हे पुष्कळदा खात्रीने सांगता येते, ‘हा तोच घोडा’ हे क्वचित सांगता येते, आणि ‘हा अमुक वंशाचा घोडा’ हे नुसत्या चित्रावरून जवळजवळ कधीच सांगता येत नाही.

प्रथम रंगाविषयी. एकोणिसाव्या शतकात छायाचित्र ज्यांवर टिपले जाई त्या काचा मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच दाद देत असत. तांबडा आणि पिवळा प्रकाश त्यांच्या दृष्टीने जवळपास अंधारच होता. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाणीव देण्याचा मार्ग दाखवला, पण सर्व रंगांना सारखी दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि साध्या काचा त्यानंतरही कित्येक वर्षे वापरात राहिल्या. याचा परिणाम घोड्यांच्या बाबतीत फार मोठा होतो, कारण घोड्याचे बहुतेक रंग हे तांबड्याच्याच छटा असतात. तांबडा घोडा आणि कुम्मैत घोडा हे दोन्ही अशा काचेवर काळसर उमटतात, आणि थोडा गडद तांबडा असेल तर तो खऱ्या मुश्की, म्हणजे काळ्या, घोड्यापासून वेगळा ओळखणे अवघड होते. आपण छापलेल्या चित्रात घोड्याचा लगाम धरून उभ्या असलेल्या मोतद्दाराचा फेटाही काळाच दिसतो. त्या काळच्या मोतद्दाराच्या डोक्याला काळा फेटा असण्यापेक्षा तो लाल असण्याचा संभव कितीतरी अधिक आहे. आणि फेटा जर लाल असून काळा उमटला असेल, तर त्याच काचेवर शेजारचा तांबडा घोडाही काळाच उमटणार. त्यातही एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. कुम्मैत घोड्याची आयाळ, शेपटी आणि पायांचे खालचे भाग काळे असतात, म्हणून ते अंगापेक्षा गडद दिसतात. तांबड्या घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा अंगाहून फिकी असते. प्रस्तुत चित्रात आयाळीचे टोक, जिथे ऊन पडले आहे तिथे, मानेपेक्षा स्पष्टपणे फिके आहे. माझ्या मते हा घोडा तांबडा असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. अरबी घोड्यांत खरा काळा रंग कमीच आढळतो, म्हणून ‘दुर्मीळ काळा’ हे शब्द वाचकाला आकर्षक वाटतात हे खरे. पण तो दुर्मीळपणा बहुधा काचेने निर्माण केलेला आहे.

आता पांढऱ्या पायाविषयी, कारण लेखाचा सारा भर त्यावरच आहे. छापलेल्या चित्रात पांढरा पाय मागचा डावा आहे आणि टिपणातही मागला डावाच लिहिलेला आहे, हे बरोबर. परंतु घोड्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांची तलवार चित्रात त्यांच्या स्वतःच्या उजव्या कमरेला लटकलेली आहे. उजव्या हाताचा माणूस तलवार डाव्या कमरेला लावतो. गृहस्थ डावखुरे असतील असे म्हणावे, तर त्यांच्या कोटाकडे पाहावे : पुरुषांच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो, इथे उजवा डाव्यावर आलेला आहे. दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. चित्र उलटे छापले गेले आहे. मूळ काच किंवा तिची प्रत नक्कल करताना पालथी ठेवली गेली की असे होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा चित्रातला ‘डावा’ पाय प्रत्यक्षात उजवा होता, आणि टिपणातला घोडा मागल्या डाव्या पायाने पांढरा असल्यामुळे टिपणातला घोडा आणि चित्रातला घोडा एकच असू शकत नाही. अर्थात टिपण लिहिणाऱ्याने डावे-उजवे घोड्याचे धरले होते की समोरून पाहणाऱ्याचे, हाही प्रश्न राहतोच. घोड्यांच्या धंद्यात नेहमी घोड्याचेच डावे-उजवे धरतात, पण घरच्या कारभाऱ्याने लिहिलेल्या टिपणाबद्दल तशी खात्री देता येत नाही. मूळ टिपण पाहिल्याशिवाय त्यावर अधिक बोलणे योग्य नाही. मात्र ‘खूण जुळते’ म्हणून जो निष्कर्ष काढला तो आज आहे त्या स्थितीत टिकत नाही.

पांढऱ्या खुणांचे महत्त्व मी कमी लेखतो आहे असा कोणी समज करून घेऊ नये. उलट जुन्या छायाचित्रांत ओळख पटवण्याचे तेवढे एकच भरवशाचे साधन आहे, कारण कपाळावरचा पट्टा किंवा पायावरच्या पांढऱ्या मोज्याची कड जन्मापासून मरेपर्यंत फारशी बदलत नाही आणि ती काचेवर स्पष्ट उमटते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मसऊद हा इजिप्तमध्ये १८८७ मध्ये जन्मलेला घोडा. कैरोच्या अली पाशा शरीफ यांच्या तबेल्यातला हा तांबडा नर घोडा विल्फ्रिड ब्लंट आणि लेडी अ‍ॅन ब्लंट या इंग्रज दांपत्याने विकत घेतला आणि १८९१ मध्ये ससेक्समधील आपल्या क्रॅबेट येथील पागेत नेला. चारी पाय पांढरे आणि तोंडावर रुंद पट्टा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पंचकल्याणी. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि कोणत्या पायाचा पांढरा भाग किती वर चढला आहे हे पाहून एका चित्रातला घोडा दुसऱ्या चित्रातल्याशी ताडता येतो. पण मसऊदचा बाप अझीझ आणि आई यमामा होती, तो सक्लावी घराण्याच्या इब्न सुदानकडील जिद्रान शाखेचा होता, हे आपल्याला त्याच्या पांढऱ्या पायांनी सांगितलेले नाही. ते लेडी अ‍ॅन यांच्या रोजनिशांतून आणि पागेच्या नोंदींतून कळते. कवी बायरनची नात आणि गणिती एडा लव्हलेसची मुलगी असलेल्या या बाईंनी घोड्यांविषयी केलेल्या नोंदी इतक्या काटेकोर आहेत की लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेल्या त्या कागदांवर आजही अभ्यासक विसंबतात. छायाचित्र त्या नोंदीला साक्ष देते, नोंदीची जागा घेत नाही.

घोडा सब्जा असेल तर पांढऱ्या खुणांचाही आधार सुटतो, हे आपल्या वाचकांपैकी घोडी बाळगणाऱ्यांना सांगायला नको. सब्जा घोडा जन्मतः काळा, कुम्मैत किंवा तांबडा असतो, मग त्याच्या अंगावर फिकी वर्तुळे उमटतात, आणि दहा-बारा वर्षांत तो पांढराशुभ्र होतो किंवा अंगभर बारीक तांबूस ठिपके धरतो. म्हणजे चौथ्या वर्षीचा करडा घोडा आणि विसाव्या वर्षीचा पांढरा घोडा हे एकच असू शकतात, आणि कपाळीचा टिळा तोवर भोवतालच्या पांढऱ्यात विरून गेलेला असतो. अशा वेळी ओठांवरची आणि नाकपुड्यांमधली गुलाबी कातडी पाहावी लागते, आणि ती जुन्या चित्रात कुठे दिसते तर कुठे नाही. भरीला मेंदीची भानगड आहे. अरबस्तानात आणि आपल्याकडेही पांढऱ्या घोड्याच्या शेपटीला व आयाळीला मेंदी लावण्याची हौस होती, आणि मेंदीचा तांबडा रंग त्या जुन्या काचेवर काळा उमटतो. त्यामुळे पांढरा घोडा आणि काळी शेपटी असे एक विचित्र जनावर तयार होते, ज्याला नंतरचे लोक काहीतरी वेगळीच जात समजतात.

आता ‘सक्लावी’ या शब्दाकडे वळतो, कारण माझी मुख्य हरकत त्यालाच आहे. बदाऊंच्या, म्हणजे अरबस्तानातील भटक्या टोळ्यांच्या, परंपरेत अरबी घोड्यांची कुहैलान, सक्लावी, उबय्यान, हमदानी, हदबान अशी नामांकित घराणी आहेत आणि प्रत्येकाच्या पुष्कळ पोटशाखा आहेत. घराण्याचे नाव शिंगराला आईकडून मिळते. बाप कोणत्याही घराण्याचा असला तरी सक्लावी घोडीचे शिंगरू सक्लावीच. ज्या मूळ घोडीवरून हे नाव आले, ती दहा पिढ्या मागे असेल तर त्या पिढीतल्या १०२४ पूर्वजांपैकी ती एक झाली. इतक्या पातळ नात्याची छटा नाकाडाच्या बाकात दिसावी ही अपेक्षाच गैर आहे. ही समजूत कुठून आली तेही नमूद करतो. मूळ जर्मन असलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या कार्ल रास्वान यांनी गेल्या शतकात असे मांडले, की कुहैलान म्हणजे दणकट आणि मर्दानी बांधा, सक्लावी म्हणजे नाजूक आणि देखणा, आणि मुनिकी म्हणजे उंच, कोनदार, शर्यतीचा. ही विभागणी लक्षात ठेवायला सोपी असल्यामुळे लोकप्रिय झाली आणि आजही घोड्यांच्या हौशी मंडळींच्या बोलण्यात ती येते. देखण्या घोड्याला सक्लावी म्हणण्याचा मोह त्यातूनच होतो. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अरबी घोड्यांच्या मातृवंशीय डीएनएची तपासणी झाली, तेव्हा एकाच घराण्याचे नाव सांगणाऱ्या घोड्यांत वेगवेगळे मातृवंश आढळले. म्हणजे कागदावर ज्यांचे घराणे एकच आहे, त्यांचेही रक्त एकाच घोडीपर्यंत पोहोचत नाही. मग चित्रावरून घराणे ओळखण्याची गोष्टच कशाला?

बदाऊ स्वतः असे करीत नसत, हे विशेष. घोडा विकताना साक्षीदारांसमोर त्याच्या आईचे घराणे शपथेवर सांगण्याची आणि त्याचा मोहरबंद दाखला देण्याची पद्धत होती. त्या दाखल्याला ‘हुज्जा’ म्हणत. इजिप्तवर १८४८ ते १८५४ या काळात राज्य करणाऱ्या अब्बास पाशाने तर अरबस्तानात माणसे पाठवून एकेका घोड्याच्या वंशाविषयी टोळ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या होत्या. अमेरिकन व्यंगचित्रकार होमर डेव्हनपोर्ट १९०६ मध्ये तुर्की सुलतान अब्दुल हमीद यांची परवानगी घेऊन सीरियातील अलेप्पोच्या परिसरात गेले आणि तिथून २७ घोडे घेऊन परतले, तेव्हा त्यांनीही प्रत्येकाचा दाखला मिळवण्याची खटपट केली. डेव्हनपोर्ट यांच्या घोड्यांची छायाचित्रे काढली गेली, पण १९०८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील अरबी घोड्यांच्या क्लबाच्या नोंदवहीत जागा मिळवण्यासाठी कामी आले ते कागदच.

कागद नसला की काय होते, याचेही उदाहरण देतो. स्कोव्ह्रोनेक हा सब्जा घोडा १९०९ मध्ये पोटोत्स्की घराण्याच्या आंतोनिनी येथील पागेत जन्मला. तो भाग त्या वेळी रशियन साम्राज्यात होता. इंग्लंडला गेल्यावर तो हातोहात फिरला आणि अखेर ब्लंट दांपत्याच्या कन्येच्या, लेडी वेंटवर्थ यांच्या मालकीचा झाला. तो विलक्षण देखणा होता, त्याची छायाचित्रे भरपूर आहेत, वॉल्टर विनान्स या त्याच्या आधीच्या मालकाने त्याला समोर ठेवून कांस्यशिल्पे केली, आणि आज जगभरच्या अरबी घोड्यांच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. तरीही त्याच्या आईच्या बाजूचे पूर्वज शुद्ध अरबी होते की नाहीत यावर अनेक दशके वाद चालला. आंतोनिनीची पागा रशियन क्रांतीच्या धामधुमीत उद्ध्वस्त झाली आणि तिथले दप्तरही गेले. आता त्याचे कपाळ किती सुंदर आहे हे दाखवून तो वाद मिटवता येतो का? मिटला नाही, ही वस्तुस्थिती आहे. नेपोलियनच्या मारेंगोची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. त्याचा सांगाडा लंडनच्या लष्करी संग्रहालयात उभा आहे, एका खुराची तपकिरीची डबी झाली आहे, त्याचे तैलचित्र आहे. पण फ्रेंच शाही पागेच्या नोंदवह्यांत त्या नावाचा घोडाच सापडत नाही.

आता आपल्याकडच्या घोड्यांकडे येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती. बसरा, कुवेत, बुशहर या बंदरांतून घोडे जहाजांनी इथे उतरत, भायखळ्याच्या तबेल्यांत बांधले जात, आणि तिथून लष्कर, संस्थाने, शर्यतीचे शौकीन यांच्याकडे जात. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये सुरू झाले, त्याआधी शर्यतींचे मैदान भायखळ्यालाच होते. या व्यापाराची एक बाजू वंशाच्या दृष्टीने निर्णायक आहे : इथे आलेले घोडे बहुतांशी नर होते, कारण बदाऊ आपली चांगली घोडी सहसा विकत नसत. त्यामुळे इथे आलेल्या अरबी घोड्यांची संतती देशी घोडींपासून झाली, आणि आईकडून चालणारे अरबी घराणे इथे पुढे चालण्याचा प्रश्नच फारसा उद्भवला नाही. शिवाय आखातातून आलेल्या प्रत्येक घोड्याला मुंबईचा व्यापारी अरबीच म्हणे, मग तो मध्य अरबस्तानातल्या नज्दचा असो, इराकचा असो की इराणचा. त्याच काळात ऑस्ट्रेलियाचे वेलर घोडेही लष्करासाठी मोठ्या संख्येने येत होते, आणि काठेवाडी घोडे तर होतेच. काठेवाडी किंवा मारवाडी घोडा मात्र चित्रात झटकन ओळखता येतो. त्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, आणि अरबी घोड्यात तसे होत नाही. आपल्या छायाचित्रात घोड्याचे कान सरळ आहेत, म्हणून तो काठेवाडी नव्हे एवढे मी निःशंकपणे म्हणेन. हीच ती ‘हा तो नव्हे’ प्रकारची खात्री.

मुंबईहून गेलेल्या एका घोड्याची ओळख मात्र कोणाच्याही मनात शंका न ठेवता पटते, आणि त्याचे कारण गमतीदार आहे. ब्रिटिश सेनानी जनरल रॉबर्ट्स यांनी १८७७ मध्ये मुंबईत घेतलेला वोनोलेल हा सब्जा अरबी घोडा अफगाण युद्धात काबूल ते कंदाहार या १८८० च्या कूचमध्ये त्यांच्या बैठकीखाली होता. राणी व्हिक्टोरियाने घोड्यालाच युद्धाचे पदक आणि कंदाहारचा तारा बहाल केला, आणि १८९७ च्या हीरक महोत्सवी मिरवणुकीत तो ती पदके लेवून चालला. पुढे १८९९ मध्ये तो मेला आणि डब्लिनच्या किल्मेनहॅम येथील रॉयल हॉस्पिटलच्या आवारात त्याला पुरण्यात आले. पदके दिसली की घोडा वोनोलेल, इतके ते सोपे आहे. पण त्याचा वंश काय, आई कोण, घराणे कोणते? मुंबईच्या घोडेबाजाराचा शब्द एवढाच त्याचा पुरावा. इतक्या गाजलेल्या घोड्याची ही कथा, तर एका वाड्यातल्या अनामिक घोड्याचे घराणे आपण एका चित्रावरून कसे सांगावे?

वंशावळ तपासण्याचे काही साधे नियम मात्र छायाचित्र बाळगणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतील. दोन तांबड्या घोड्यांची संतती तांबडीच होते. सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी निदान एक सब्जा असलाच पाहिजे. वर उल्लेखलेला मसऊद तांबडा होता आणि १९०० मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा अ‍ॅस्ट्रलेड कुम्मैत होता. अर्थात कुम्मैतपणा त्याच्या आईकडून, ‘क्वीन ऑफ शीबा’ या गडद रंगाच्या घोडीकडून आला, आणि ती तांबडी नव्हती, म्हणून नोंद सुसंगत ठरते. एखाद्या घरच्या कागदात दोन तांबड्यांपासून कुम्मैत शिंगरू झाल्याचे लिहिले असेल, तर रंगाची नोंद चुकली आहे किंवा बाप दुसराच आहे. यापलीकडचा शोध हवा असेल तर आता डीएनए आहे. घोड्याचा दात, हाड किंवा जपून ठेवलेले खूर अजूनही कोणाकडे असेल तर त्यातून मातृवंशाचा आणि क्वचित पितृवंशाचाही माग लागू शकतो. इंग्लंडमध्ये १७८९ मध्ये मेलेल्या एक्लिप्स या शर्यतीच्या घोड्याचा सांगाडा आजही जपलेला आहे, म्हणजे तिथे असा शोध शक्य आहे. अशा शोधांतून निघणारी उत्तरे नेहमी गोड असतात असे नाही. अलेप्पोहून १७०४ मध्ये इंग्लंडला गेलेला ‘डार्ली अरेबियन’ हा शर्यतीच्या घोड्यांचा मूळपुरुष. त्याच्या नावातच अरबस्तान आहे. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रांच्या अभ्यासाने थरोब्रेड, म्हणजे याच शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांची नररेषा मध्य आशियातील तुर्कमान घोड्यांच्या गटाजवळ नेऊन ठेवली. आणि २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात तर शर्यतीसाठी पाळलेल्या काही अरबी घोड्यांतच थरोब्रेडचे रक्त मिसळलेले आढळले. वंशावळीच्या छापील वह्या असतानाही ही स्थिती आहे.

आपल्या परंपरेत याबाबत अधिक सावधपणा होता असे मला वाटते. मोगल लष्करात घोड्याला डाग देऊन त्याचे आणि स्वाराचे वर्णन वहीत उतरवून घेत. आजही दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस तोंड उघडून दात पाहतो, मग कपाळापासून मानेपर्यंत हात फिरवून एकेक भोवरा तपासतो. त्याच्या शुभ-अशुभाच्या कल्पना बाजूला ठेवल्या तरी भोवऱ्यांची जागा घोड्यागणिक वेगळी असते आणि जन्मभर बदलत नाही, हे त्याचे निरीक्षण पक्के आहे. आजच्या घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय ओळखपत्रावरही घोड्याच्या रेखाकृतीवर भोवऱ्यांच्या फुल्या मारतात. जुन्या छायाचित्रात बाजूने ऊन पडले असेल तर मानेवरचा भोवरा भिंगाखाली दिसू शकतो. छपाईच्या ठिपक्यांत तो नाहीसा होतो, म्हणून वर्तमानपत्रातल्या चित्रावरून मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

आपल्या लेखकाला आणि संबंधित घराण्याला माझी नम्र विनंती अशी, की मूळ छायाचित्राची मागची बाजू एकदा पाहावी. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या काळच्या छायाचित्रांच्या मागे बहुधा स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते, कधी पेन्सिलीने काचेचा क्रमांकही टाकलेला असतो. राजा दीनदयाळ यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी आपल्या काचांना क्रमांक दिले होते, आणि त्यांच्या काचांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. क्रमांक मिळाला तर मूळ काच सापडण्याची आशा राहते, आणि काच सापडली तर चित्र उलटे की सुलटे हा प्रश्न एका क्षणात सुटतो. पुठ्ठा सोलून काढण्याचा, चित्राला प्लास्टिकचे आवरण चढवण्याचा किंवा कोणाकडून ‘साफ करून’ घेण्याचा मोह मात्र टाळावा. हल्ली मोबाइलवर जुनी चित्रे रंगीत करून देणारी साधने निघाली आहेत. ती घोड्याला वाटेल तो रंग देतात, आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटतो. टिपणाचीही मूळ ओळ जशीच्या तशी, मोडीत असेल तर मोडी मजकुराच्या छायाचित्रासह, छापावी.

तोवर पुरवणीत दुरुस्ती द्यायची झाली तर चित्राखाली पुढील मजकूर छापावा असे मी सुचवतो : ‘सरदार घराण्याच्या संग्रहातील घोडा, बांधा अरबी वाटतो, रंग बहुधा तांबडा, छायाचित्र उलटे छापले गेल्याचा संभव, छायाचित्रकार आणि घोड्याचा वंश अज्ञात.’

आपला,
एक वाचक, सातारा